पाच आण्यांचा हिशेब

मित्रांनो, आधी एक बिल मांडतो, मग बोलू.

रक्कम : पाच आण्यांपासून आठ आण्यांपर्यंत. ठिकाण : मुंबई बंदर. देणेकरी : इंग्रजी जहाजावर कामाला निघालेले, दारू ढोसलेले गोरे खलाशी. घेणेकरी : त्यांना होडीतून जहाजापर्यंत पोचवणारे मुंबईचे होडीवाले. नावं लिहिलेली नाहीत. बिल चुकतं झालं की नाही, त्याचीही नोंद नाही.

हे बिल जोसेफ कॉनरॅड या जगप्रसिद्ध लेखकाच्या १८९७ सालच्या कादंबरीत, सुरुवातीच्याच पानांवर पडलेलं आहे. ‘नार्सिसस’ नावाचं शिडाचं जहाज मुंबईहून लंडनला निघायच्या बेतात आहे. कॉनरॅड स्वतः १८८४ साली मुंबईतच या नावाच्या जहाजावर दुय्यम अधिकारी म्हणून चढला होता. म्हणजे मुंबई बंदर त्यानं ऐकून लिहिलेलं नाही, बघून लिहिलंय. रात्रीची वेळ. नवे खलाशी होड्यांतून जहाजाला लागतात. होडीवाले म्हणतात, आधी भाडं टाका. यात चूक काय? नाक्यावरचा हातगाडीवालासुद्धा हेच म्हणतो. पण लेखकाला त्यात ऐकू येतो कर्कश कलकलाट. दावे त्याला निर्लज्ज वाटतात. पूर्वेकडच्या शांत चांदण्या रात्रीच्या या ओरडणाऱ्यांनी चिंध्या केल्या, अशी त्याची तक्रार. गोरे खलाशी अर्वाच्य शिव्या घालतात, तरी त्यांचा आवाज मात्र रुबाबदार. जहाज सुटतं. होडीवाले मागे राहतात. एवढ्या मोठ्या कादंबरीत मुंबईच्या कष्टकऱ्याला मिळालेली जागा एवढीच. पाच आण्यांसाठी किंचाळणारा एक घोळका.

पाच आणे म्हणजे त्या माणसाच्या घरची चूल होती, साहेब. चांदण्यानं पोट भरत नाही.

मी हे पुस्तक कॉलेजात वाचलं. वर्गात उठून होडीवाल्यांचं विचारलं तर सर हसले. म्हणाले, “अरे, कादंबरी समुद्राबद्दल आहे. मानवी आत्म्याबद्दल आहे. तू सगळीकडे तुझंच रडगाणं शोधणार का?” सगळा वर्ग हसला. मी खाली बसलो. तेव्हा उत्तर सुचलं नव्हतं. आता सुचलंय, ते इथे लिहितो.

०

समुद्राच्या कादंबऱ्या आपण सगळ्यांनीच वाचल्यात. महापालिकेच्या शाळेतल्या पेटीत दोन-चार फाटकी पुस्तकं असायची, त्यात रॉबिन्सन क्रूसो हमखास. एकटा माणूस, निर्जन बेट, हिकमतीनं उभा केलेला संसार. आमच्या झोपडपट्टीत चार बांबू आणि एक ताडपत्री यांच्यावर संसार उभा करणारी माणसं रोज दिसत होती, त्यामुळे त्या हिकमतीचं आम्हाला फारसं अप्रूप नव्हतं. पण गोष्ट आवडली. खोटं कशाला बोलू?

मोठा झाल्यावर अख्खी कादंबरी वाचली. डॅनियल डिफोची, १७१९ सालची. मग कळलं की लहानपणी वाचलेल्या पुस्तकातून नेमकं काय गाळलं होतं. क्रूसो बेटावर पोचला कसा? गुलाम आणायला आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे निघालेलं जहाज फुटलं म्हणून. ब्राझीलमध्ये त्याचा मळा होता. मळ्यावर राबायला फुकटची माणसं हवी होती. त्याआधी तो स्वतः मोरोक्कोच्या किनाऱ्यावर गुलाम होता. तिथून पळाला तो झूरी नावाच्या पोराला बरोबर घेऊन. त्या पोरानं जिवावर उदार होऊन त्याला साथ दिली. मग एका पोर्तुगीज कप्तानानं क्रूसोची सुटका केली, आणि क्रूसोनं त्याच कप्तानाला झूरी विकला. साठ नाण्यांना. पोरगा ख्रिस्ती झाला तर दहा वर्षांनी सोडीन, एवढा कप्तानाचा शब्द. स्वतःच्या पायातली बेडी तुटून फार दिवस झाले नव्हते, तरी हा दुसऱ्याची किंमत मोजून घेतो. पुढे मळ्यावर हात कमी पडले तेव्हा त्याला झूरीची आठवण येते. पोरगा विकल्याचा पश्चात्ताप त्याला होतो तो असा, मजूर गेल्याचा.

आणि तो फ्रायडे. त्या माणसाला आईबापानं ठेवलेलं नाव असणारच. क्रूसो विचारतच नाही. शुक्रवारी सापडला म्हणून शुक्रवार. त्याला जे पहिले शब्द शिकवतो त्यात ‘मालक’ हा आहे. म्हणजे तुझं नाव मी ठेवणार आणि माझं नाव मालक.

आपल्याला हे समजायला प्रोफेसर लागत नाही. आपल्या आज्यापणज्यांची नावं कुणी ठेवली? धोंड्या, कचऱ्या, दगडू. गावानं हाक मारली ती जातीच्या नावानं. बाबासाहेबांच्या चळवळीनंतर आपल्या घरात पोरांची नावं सिद्धार्थ, गौतम, मिलिंद झाली, ती काही हौस म्हणून नाही. नाव ठेवायचा हक्क आपण हिसकावून घेतला. फ्रायडेला ती संधी कादंबरीत मिळाली नाही.

०

आता परत ‘नार्सिसस’वर चला. या कादंबरीच्या शीर्षकातच काळ्या माणसाला घातलेली शिवी आहे. जातीचं नाव घेऊन हाक मारतात ना, तशी. अमेरिकेत ते शीर्षक बदलून ‘द चिल्ड्रेन ऑफ द सी’ केलं. शिवीची लाज वाटली म्हणून नव्हे. काळ्या माणसावरचं पुस्तक गोरा वाचक विकत घेणार नाही, अशी प्रकाशकाला भीती होती.

ज्याला ही शिवी दिलीय तो जेम्स वेट, वेस्ट इंडीजमधल्या सेंट किट्स बेटावरचा खलाशी. त्याचा प्रवेश कसा होतो बघा. जहाजावर हजेरी चालू आहे. शेवटचं नाव यादीत पुसट झालंय, अधिकाऱ्याला लागत नाही. अंधारातून आवाज येतो, “वेट!” इंग्रजीत त्याचा अर्थ थांबा. अधिकारी भडकतो. हा कोण मला थांबायला सांगणारा? काळा माणूस स्वतःचं नाव सांगतोय आणि गोऱ्या साहेबाला तो उर्मटपणा वाटतोय. कॉनरॅड मोठा लेखक आहे तो इथे. त्यानं हे बरोबर पकडलंय. पण पकडून तो काय करतो? वेटला क्षय आहे. तो खरा आजारी की ढोंगी, या संशयावर सगळी कादंबरी चालते. तो मरेपर्यंत चालते. मजुराचं दुखणं खरं की खोटं, हे मालकाच्या बाजूनं मोजायचा खेळ आपण गिरणीच्या दवाखान्यात पाहिलेला आहे.

दुसरा माणूस डॉंकिन. हा गोरा. लंडनच्या गटारातून आलेला, अंगावर चिंध्या, सामानाचा पत्ता नाही. बाकीचे खलाशी आपले कपडे काढून त्याला देतात. हा माणूस हक्काची भाषा बोलतो. जेवण, काम, पगार यावर बोलतो. म्हणून लेखकानं त्याला चोर केलं, भित्रा केलं, कामचुकार केलं. वेट मरत असताना डॉंकिन त्याचे पैसे चोरतो. हे घडवून झाल्यावर शेवटी लेखक टोमणा मारतो, की हा इसम आता कामगारांच्या हक्कावर भाषणं ठोकून पोट भरत असेल. हक्क मागणारा कामगार चोरच असतो! ही थिअरी कुठल्या मालक संघाच्या पत्रकातली नाही. अभिजात कादंबरीतली आहे.

मग लेखकाला आवडतो कोण? म्हातारा सिंगलटन. वादळात तीस तास सुकाणूला उभा राहणारा, काही न मागणारा. त्याला सहीसुद्धा येत नाही. लंडनला पगार घेताना तो कागदावर फुली मारतो. आणि पगार वाटणारा कारकून या माणसाला किळसवाणा म्हातारा म्हणून मोकळा होतो. आयुष्यभर इमानदारी केलेल्या मजुराला त्या व्यवस्थेनं दिलेलं हे सर्टिफिकेट. कॉनरॅडला हे दिसलं होतं, म्हणून तर त्यानं ते लिहिलं. तरीही त्याची सहानुभूती फुली मारणाऱ्यापाशीच थांबते. सही मागणाऱ्याची त्याला चीड येते.

०

याच कॉनरॅडची १९०० सालची ‘लॉर्ड जिम’. तिच्या मुळाशी एक खरी घटना आहे. ऑगस्ट १८८० मध्ये ‘जेद्दा’ नावाची आगबोट नऊशेहून अधिक हजयात्रेकरू घेऊन अरबस्तानकडे चालली होती. वादळात बोटीत पाणी शिरलं. कप्तान आणि त्याचे गोरे अधिकारी नावेत बसून पळाले. दुसऱ्या बोटीनं त्यांना उचललं, एडनला आणलं. तिथे त्यांनी सांगितलं, आमची बोट बुडाली. दुसऱ्या दिवशी ‘जेद्दा’ हजर! यात्रेकरू पाणी उपसत राहिले होते, एका बोटीनं तिला ओढत एडनला आणलं होतं. शेकडो जीव टाकून पळालेल्या कप्तानाला शिक्षा काय झाली? तीन वर्षांसाठी परवाना निलंबित.

कादंबरीत या बोटीचं नाव ‘पटना’, यात्रेकरू आठशे. या आठशेंपैकी एकाचंही नाव आपल्याला कळत नाही. बोट सोडून पळालेल्या जिमचं मात्र काळीज, त्याची लाज, त्याची झोप, त्याची इज्जत, सगळं पानंच्या पानं. साहेब पळाले तेव्हा दोन मलायी सुकाणूवाले आपली जागा न सोडता उभे होते. चौकशीत त्यांना विचारतात, तुम्हाला तेव्हा काय वाटलं? एक म्हणतो, काही नाही वाटलं. काळ्याला काही वाटतच नाही, असं लिहिलं की काम झालं! जो उभा राहिला तो दोन ओळींत संपला. पळाला त्याच्यावर चारशे पानं. आणि याला म्हणायचं मानवी आत्म्याचा शोध. मानव म्हणजे कोण, हे आधीच ठरलेलं आहे.

नायजेरियाचा लेखक चिनुआ अचेबे यानं १९७५ साली अमेरिकेतल्या एका विद्यापीठात उभं राहून कॉनरॅडच्या ‘हार्ट ऑफ डार्कनेस’बद्दल हेच सुनावलं. एका युरोपियन माणसाचं डोकं फिरतं हे दाखवायला अख्ख्या आफ्रिकेचा पडदा करायचा, आणि तिथल्या माणसांना वाचा द्यायची नाही, हा वंशवादच आहे, असं तो बोलला. तेव्हाही सर लोक चिडले. आम्ही एकटे नाही, एवढंच सांगायचंय.

०

सर लोकांचं ठेवणीतलं उत्तर असतं, “काळच तसा होता.”

नव्हता! १८५३ साली फ्रेडरिक डग्लस या काळ्या लेखकाची कथा छापली गेली. डग्लस स्वतः गुलामीत जन्मलेला, बाल्टिमोरच्या गोदीत जहाजांच्या फटी बुजवण्याचं काम केलेला. १८३८ साली खलाशाचा वेश करून तो पळाला. त्याची ती कथा १८४१ साली ‘क्रिओल’ या जहाजावर झालेल्या बंडाची. विकायला नेलेल्या गुलामांनी जहाज ताब्यात घेतलं, बहामाच्या नसाऊ बंदरात नेलं आणि शंभराहून जास्त माणसं मोकळी झाली. बंडाचा पुढारी मॅडिसन वॉशिंग्टन. डग्लसच्या कथेत त्याला नाव आहे, अन् तो बोलतो.

१८५५ साली हर्मन मेल्विल या गोऱ्या लेखकानं ‘बेनिटो सेरेनो’ लिहिली. १८०५ च्या सुमाराच्या एका खऱ्या गुलाम-बंडावर. अमेरिकन कप्तान एका स्पॅनिश जहाजावर चढतो. काळे नोकर इमानाने वावरताना बघून खूश होतो. बाबो नावाचा नोकर तर मालकाची दाढीसुद्धा करतोय! कप्तानाच्या डोक्यात शिरतच नाही, की जहाज केव्हाच गुलामांनी घेतलंय, आणि मालकाच्या गळ्यावरचा वस्तरा निव्वळ दाढीचा नाही. काळा माणूस बेत आखू शकतो, हीच कल्पना त्याला करवत नाही. बंड मोडतात. बाबोला फाशी देतात, त्याचं मुंडकं खांबावर लावतात. पकडल्यापासून मरेपर्यंत बाबो चकार शब्द काढत नाही. कोर्टाच्या कागदात जबानी आहे ती मालकाची. मेल्विल ते कागद आपल्यापुढे ठेवतो, आणि खांबावरचे ते डोळेही ठेवतो. वाचणाऱ्यानं ठरवायचं, खरं कुणाकडे आहे.

मेल्विलला हे का दिसलं? तो साधा खलाशी म्हणून जहाजावर गेला होता. देवमासे मारणाऱ्या जहाजावरून पळाला होता, दुसऱ्या जहाजावर बंडखोर खलाशांबरोबर राहून ताहितीत कैद भोगली होती. कॉनरॅडही समुद्रावर राबला, पण अधिकारी होत, शेवटी कप्तानाचं सर्टिफिकेट घेत. दोघांनी बघितला समुद्र एकच. फरक झोपायच्या जागेचा होता.

आणि आपल्याकडे? १८७३ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ छापली. अर्पण कुणाला केली? नीग्रोंना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. बोटीत पाय न ठेवता पुण्यातल्या माणसाला गुलामाच्या पायातली बेडी दिसली. कॉनरॅडची कादंबरी त्यानंतर चोवीस वर्षांनी आली. मग काळ तसा होता म्हणजे कुणाचा काळ, सर?

०

आता कादंबरी मिटवू आणि खऱ्या बोटीवर चढू.

पहिल्या महायुद्धाच्या तोंडाशी ब्रिटिश व्यापारी जहाजांवर पन्नास हजारांच्या आसपास लस्कर होते. लस्कर म्हणजे आपल्याकडचे खलाशी. रत्नागिरीचे मुसलमान, गोव्याचे ख्रिस्ती, सिल्हेट-चितगावचे बंगाली, पंजाबी, पठाण. गोऱ्या खलाशाच्या पगाराच्या एक तृतीयांश किंवा त्याहूनही कमी पैशात. १८९४ च्या कायद्यात गोऱ्या खलाशाला राहायला ७२ घनफूट जागा, लस्कराला ३६. कायद्यानंच अर्धा माणूस! बॉयलरपुढे कोळसा मारायला आगवाला हिंदी, कारण म्हणे याला उकाडा सोसतो. आपल्या कातडीबद्दल मालकाला नेहमी सोयीचंच ज्ञान असतं.

गोरा कामगार काय करत होता? वर्ग एक, शोषण एक, मग खांद्याला खांदा लावला असेल? नाही, कॉम्रेड. गोऱ्या खलाशांच्या युनियननं लस्करांना कामावरून हटवा अशी ओरड चालवली. समान पगार मागून मालकाला कोंडीत धरायचं सोडून स्वस्तातल्या काळ्यालाच शत्रू ठरवलं. १९१९ साली लिव्हरपूल, कार्डिफ अशा बंदरांत गोऱ्या जमावांनी काळ्या खलाशांवर हल्ले केले. लिव्हरपुलात चार्ल्स वूटन नावाच्या खलाशाचा गोदीपर्यंत पाठलाग केला, तो पाण्यात पडल्यावर वरून दगड घातले. तो मेला. १९२५ मध्ये सरकारनं काळ्या परदेशी खलाशांना पोलिसांत नोंदणीची सक्ती केली. मालकाला आणखी काय हवं होतं?

हे वाचून मला परळ-लालबाग आठवतं. गिरण्यांत साचाखात्यात पगार जास्त. तिथे अस्पृश्याला मज्जाव, कारण धोट्यातला दोरा तोंडानं ओढावा लागतो आणि विटाळ होतो. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लाल बावट्याच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. कामगार एकजुटीचा विजय असो, पण आमच्या हातचा दोरा चालत नाही, त्याचं काय? जहाजावरच्या गोऱ्या युनियनचा अन् साचाखात्याचा रोग एकच आहे. वर्ग खरा आहे. भूक खरी आहे. पण वर्गाच्या पोटात वर्ण बसलाय, त्याच्याकडे डोळेझाक केली की मालक झोपेतसुद्धा जिंकतो.

आणि लस्करांतही समता नव्हती हे विसरायचं नाही. आमच्या वस्तीत एक म्हातारा होता. बोटीवर काम केलेला. पोरं त्याला विचारायची, आबा, लंडन बघितलं का? तो हसायचा. म्हणायचा, “पोरांनो, बोटीवर सारंग असतो, त्याच्याखाली टिंडल, मग खलाशी, मग भंडारी. अन् सगळ्यांच्या खाली टोपस. म्या टोपस व्हतो.” टोपस म्हणजे बोटीचे संडास-मोऱ्या साफ करणारा. “सात समुंदर पार केले, पण भंडारी लांबनंच वाढायचा. पाणी लई व्हतं भवती. प्यायला मातर वरूनच वतायचा.”

महाडच्या तळ्याला वेढा होता, तसा समुद्रालाही होता तर! एकाही समुद्राच्या कादंबरीत मला हा म्हातारा भेटला नाही. गोऱ्यांच्या नाही, आपल्या पांढरपेशांच्याही नाही. अमिताव घोषनं २००८ साली ‘सी ऑफ पॉपीज’ लिहिली, तीत लस्कर आहेत, सारंग आहे, आणि चामड्याचं काम करणाऱ्या जातीतला कलुआ जहाजावर चढतो. बरं वाटलं. पण टोपसानं स्वतः सांगितलेली बोट अजून लिहिली जायचीय.

०

काही पोरांना कॅप्टन निमो आवडतो. मलाही आवडतो. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला तेव्हा आपल्यातल्या कितीतरी पोरांनी तो फडशा पाडल्यासारखा वाचला. निमो हिंदी आहे, बुंदेलखंडचा राजपुत्र, सत्तावन्नच्या बंडातला. हे व्हर्ननं १८७५ मध्ये पूर्ण झालेल्या ‘मिस्टीरियस आयलंड’मध्ये सांगितलं. हिंदी माणूस जहाजाचा मालक, साम्राज्याचा वैरी! छाती फुगते. पण जरा थांबा. त्या पाणबुडीवर राबणाऱ्या खलाशांपैकी एकाचं तरी नाव सांगा. नाही सांगता येणार, कारण नाहीच. त्यातला एक मरतो, त्याला समुद्राच्या तळाशी पोवळ्यांत पुरतात, तेही बिननावाचं. आणि त्याच ‘मिस्टीरियस आयलंड’मध्ये नेब नावाचा काळा माणूस आहे. मालकानं मुक्त केलाय, तरी मालकाला सोडत नाही, आणि बेटावर त्याची दोस्ती लावून दिलीय ती शिकवून नोकर केलेल्या माकडाशी. बंडखोराच्या जहाजातसुद्धा खालचा मजला खालीच राहिला.

हे मी निमोसाठी लिहीत नाही. आपल्यासाठी लिहितोय.

स्टीव्हन्सनची ‘ट्रेझर आयलंड’ १८८३ ची. तिच्यात लंगड्या सिल्व्हरची बायको काळी आहे. खाणावळ विकते, पैसे सांभाळते, नवऱ्याला गाठायला निघते. सगळा व्यवहार ती करते. तिला नाव नाही. आपल्या मोर्च्यांत पहाटे उठून भाकऱ्या बांधणाऱ्या, पोरं काखेत मारून चालणाऱ्या, लाठ्या खाणाऱ्या बायांपैकी किती जणींची नावं आपल्या अंकांत छापलीत? पोस्टर कुणी चिकटवले, खळ कुणी शिजवली? आपण पुढाऱ्यांची भांडणं पानंच्या पानं छापली. कप्तानाच्या केबिनमधलीच कादंबरी आपणही लिहिली की!

०

मग ही पुस्तकं जाळायची का, असं एक पोरगा परवा म्हणाला. मी म्हटलं, नाही. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मनुस्मृती जाळली, कारण तिच्या नावानं माणसांवर हुकूम चालत होता. कायदा जाळायचा असतो. पुरावा जपायचा असतो. क्रूसो पुरावा आहे. कॉनरॅड तर फारच चांगला साक्षीदार आहे, कारण त्याला दिसतं सगळं. फक्त तो उभा मालकाच्या बाजूला आहे. अशा साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायची असते. नाव कुणाला दिलंस? बोलू कुणाला दिलंस? पैसे कुणाचे राहिले? पुस्तक कितीही जगप्रसिद्ध असो, या तीन प्रश्नांपुढे उभं करायचं.

आणि जहाज खालच्या मजल्यानं ताब्यात घेतल्याची गोष्ट शोधायला लांब जायची गरज नाही. १८ फेब्रुवारी १९४६. मुंबईतलं ‘तलवार’. नासकं अन्न, गोऱ्या अधिकाऱ्याच्या वंशावरच्या शिव्या, आणि नौसैनिकांचा संप. मागण्यांत चांगलं जेवण होतं, गोऱ्या नाविकांइतका पगार होता. सत्तरहून जास्त जहाजं, वीस हजारांच्या घरात नाविक. गिरणी कामगार रस्त्यावर उतरले, गोळीबारात मुंबईची दोनशेच्या वर माणसं मेली. काँग्रेस आणि लीगच्या पुढाऱ्यांनी सांगितलं, शरण जा. २३ तारखेला ते शरण गेले. त्या वीस हजारांपैकी तुम्हाला किती नावं माहीत आहेत? पुढाऱ्यांची सगळी माहीत आहेत.

सर, हे माझं उत्तर. मी रडगाणं शोधत नव्हतो. वसुली शोधत होतो.

दोस्तहो, तुमच्या घरात, चाळीत, वस्तीत कुणी गोदीत पोती वाहिलेलं असेल. कुणी बोटीवर टोपस असेल, भाऊच्या धक्क्यावर बर्फ फोडणारी कुणी मावशी असेल. या रविवारी वही घेऊन त्यांच्यापाशी बसा. आधी नाव विचारा. आईबापानं ठेवलेलं, पूर्ण. मग विचारा, किती पगार ठरला होता आणि हातात किती पडला. जसं बोलतील तसं उतरवा, शुद्धलेखनाची फिकीर करू नका. आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्याला मी त्याचं नाव कधी विचारलं नाही. सगळे आबा म्हणायचे, मीही म्हणायचो. तो गेला. ते एक बिल माझ्या नावावर थकलेलं आहे.